काटा एकोणऐंशीवर

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवण्याआधी माणसं चपला काढतात, घड्याळ काढतात, कुणी कुणी तर श्वासही रोखून धरतात. देवळातसुद्धा इतकं शिस्तीनं कुणी जात नसेल. देव बिव मी नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. माझी पाठ काळ्या रबराची आहे, पुढे एक गोल काच आहे, काचेखाली आकड्यांची तबकडी आणि तिच्यावर फिरणारा एक लाल काटा. नावातच काटा असल्यामुळे मी थोडाफार टोचणारच, हे मी कधीच मान्य केलेलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका जाड चष्म्याच्या माणसाने माझ्यावर वीस वीस किलोची लोखंडी वजनं ठेवली, एकेक करून उतरवली, आणि काटा दर वेळी बिनचूक शून्यावर आलेला पाहून माझ्या पोटाखाली हिरव्या रंगाचा एक ठिपका दिला. तो ठिपका अजून आहे. पुढे मी एका दुकानात राहिलो, मग एका म्हातारबुवांच्या घरी. ते स्वतःचं कमी आणि आपल्या कुत्र्याचं वजन जास्त करायचे. म्हातारबुवा गेले, कुत्रा कुणीतरी नेला आणि मला इमारतीच्या दाराशी ठेवून वर कागद चिकटवला गेला, ‘चालू आहे, हवा त्याने न्यावा.’ त्या कागदाखाली मी तीन दिवस बसलो होतो. चालू असून कुणाला नको असणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

चौथ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा एक उंच, किडकिडीत माणूस आला. जिन्याशेजारचं त्याचं काम संपलं, तशी त्याने मला काखोटीला मारलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेलं. हे घर परमुलखात येऊन वसलेलं होतं. दाराबाहेर एक भाषा आणि दाराच्या आत मराठी. घरात माणसं तीनच. हा लिफ्टवाला, त्याची बायको आणि त्याची आई.

आई म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. छत्तीस वर्षं पहिली-दुसरीला पाढे शिकवलेल्या. यजमान गेल्यावर त्या लेकाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणतो. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “ऐंशी किलोच्या आत या, मग गुडघे बदलू. तोवर नाही.” बाई पहिल्यांदा माझ्यावर उभ्या राहिल्या तेव्हा मी सत्त्याण्णव दाखवले. कसनुसं झालं, पण करणार काय? लाज राखणं माझ्या हातात नसतं.

सूनबाई शहरबस चालवायची. दिवसभर बसून काम, डेपोत चहाबरोबर बिस्किटांचा पुडा, त्यामुळे तीही काही काडी नव्हती. स्टिअरिंग पोटाला लागतं म्हणून तिने सीट मागे घेतली, तर पाय पोचेनात. काडी होता तो फक्त लिफ्टवाला. दोघींच्या वाटचं एकटा खायचा आणि अंगाला काही लागायचं नाही. वर साळसूदपणे म्हणायचा, “माझं पोट लिफ्टवर चालतं, तुमची पोटं जिन्यावर उतरवा.”

बाईंना गुडघे हवे होते ते एका गोष्टीसाठी. सून चालवते ती बस त्यांनी कधी आतून पाहिली नव्हती. त्या मार्गावर जुन्या बसगाड्या होत्या, दाराला तीन उंच पायऱ्या. एकदा थांब्यावर उभं राहून त्यांनी प्रयत्न केला, पहिल्याच पायरीवर गुडघा दुमडेना, मागे रांग खोळंबली आणि शेवटी सुनेला त्यांना तिथेच सोडून बस पुढे न्यावी लागली. रात्रीच्या जेवणानंतर सून म्हणाली, “आई, एकट्यानं नाही होत हे. तुम्ही आणि मी, दोघी मिळून करू.”

तेव्हापासून रविवारी सकाळी दोघी माझ्यापुढे उभ्या राहू लागल्या. त्यांचा एक नियम होता. वजन वाढलं तर रागवायचं नाही, दुसरीने काहीतरी चांगलं शोधून बोलायचं. “अर्धा किलो वाढला, पण मंगळवारी तू बिस्किटांना हात लावला नाहीस,” असं बाई म्हणायच्या. “आई, तुम्ही माझ्या नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं संपवलं नाहीत, मी बघितलं,” असं सून म्हणायची. वाया जायला नको म्हणून सगळ्यांच्या ताटातलं आपल्या पोटात टाकायची बाईंची चाळीस वर्षांची सवय होती. ती मोडायला दीड महिना लागला. संध्याकाळी सून डेपोतून आली की दोघी इमारतीच्या बोळात फेऱ्या मारायच्या. बोळाला चौदा दारं होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं की एक फेरी.

आता खरी गोम सांगतो. बाईंना खाली वाकता यायचं नाही आणि उभ्याने माझे आकडे दिसायचे नाहीत. म्हणून सून गुडघ्यांवर बसून वाचायची. ती लहानाची मोठी परमुलखातच झालेली. मराठी घरी शिकलेली, बोलायची फाडफाड, पण मोठे आकडे आले की अडखळायची. “नव्वद आणि चार,” असं सांगायची. एकदा नणंदेने फोनवरून ते ऐकलं आणि खो खो हसली. सुनेचे कान लाल झालेले मी खालून पाहिले.

पुढे बाई दोन महिने दुसऱ्या शहरात लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्या चौऱ्याण्णव होत्या. इकडे सूनबाईने गुपचूप मराठी आकडे पाठ करायला घेतले. बस शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं उभी असायची, तेव्हा. बाईंना चकित करायचं होतं. तिने आपल्या डोक्याने एक नियम शोधून काढला. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, सगळे ऐंशीच्या घरातले. शेपटाला ऐंशी असलं की घर ऐंशीचं. झालं तर मग!

बाई परत आल्या त्याच रविवारी माझ्यावर चढल्या. लेकीकडे घरासमोरच बाग होती, भरपूर चालणं झालं होतं. माझा काटा एकोणनव्वदवर येऊन थांबला. सून खाली बसली, तिने आठ पाहिला, नऊ पाहिला, मान वर केली आणि ऐटीत म्हणाली, “आई, एकोणऐंशी!”

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर! बाईंनी माझ्यावरूनच सुनेचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. “पोचले गं एकदाची,” म्हणाल्या. सुनेला वाटलं, नव्वदच्या आत आल्या म्हणून आनंद झालाय. तिलाही आनंद झाला, शिवाय आकडा मराठीत सांगितला तो वेगळाच. दोघी एकाच शब्दावर खूश, आणि दोघींच्या मनातले आकडे वेगळे. बाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘एकोणऐंशी’ कळवलं. ऑपरेशननंतर घालायला नवे बूटसुद्धा काढून ठेवले.

दहा दिवसांनी डॉक्टरांकडची तारीख होती. सूनबाई बसवर कामाला होती, म्हणून लेकच घेऊन गेला. तिथल्या काट्याने आठावर नऊ दाखवले. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे.

बाई घरी आल्या त्या थेट खोलीत गेल्या. लेकाला एवढंच म्हणाल्या, “तो काटा खोटा आहे. पहिल्यापासूनच खोटा असणार. काहीच कमी झालं नव्हतं माझं. टाकून दे तो.” संध्याकाळी सून आली. तिला कळेना, एवढं रडण्यासारखं काय झालं. तिने समजूत काढायला म्हणून म्हटलं, “आई, अजून दहा किलो आहेत, हे तर आपल्याला ठाऊकच होतं की.”

बाईंना तो टोमणा वाटला. जखमेवर मीठच. त्या दिवसापासून बोळातल्या फेऱ्या बंद झाल्या. मी चपलांच्या मांडणीमागे, झाडूशेजारी जाऊन पडलो. हिरवा ठिपका पोटाखाली घेऊन खोटारडा ठरणं मला फार लागलं. पण त्याहून जास्त लागली घरातली शांतता. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सांगून टाकलं, “माझी बॅग भरा. मी गावी परत जाते. इथं नुसतं खुर्चीत बसून तुमच्या जिवाला घोर कशाला?”

लेकाने समजावलं, सून रडली. बाई हटल्या नाहीत. मोठी बॅग निघाली. विमानात तीस किलोपर्यंत सामान नेता येत होतं. लेकाने मला झाडूमागून ओढून काढलं. “खोटा असला तरी अंदाज तरी येईल,” म्हणाला. बॅग आडवी ठेवली की माझी काच झाकली जाते, म्हणून त्याने ती माझ्यावर उभी केली. सूनबाई डोळे पुसत खाली वाकली.

“किती गं?” बाईंनी खुर्चीतून विचारलं.

“एकोणतीस,” सून म्हणाली.

“बघा, मापात बसली. एक किलो अजून जाईल,” म्हणत बाईंनी दोन टॉवेल पुढे केले. रडण्याच्या नादात सूनबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

लेक बॅग खाली उतरवायला गेला आणि कमरेत वाकडा झाला. “एकोणतीस? मी रोज लिफ्टच्या मोटारी उचलतो गं. ही बया एकोणतीसची नाही.” त्याने ती पुन्हा नीट उभी केली आणि स्वतः वाकून पाहिलं. “अगं, हे एकोणचाळीस आहेत!”

“तेच म्हणाले ना मी. तीस आणि नऊ, एकोणतीस.”

बाईंच्या हातातले टॉवेल तसेच राहिले. छत्तीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेली बाई ती, चूक कुठे आहे हे त्यांना एका क्षणात दिसलं.

“पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “मी लेकीकडून आले, त्या रविवारी काटा कुठं होता? शब्द नको. आकडे सांग नुसते.”

“आठ. आणि नऊ.”

“एकोणनव्वद,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला, वर्गात करायच्या तसा. “डॉक्टरांकडंही तेच आले. म्हणजे काटा खरा. म्हणजे सत्त्याण्णवचे एकोणनव्वद, आठ किलो खरंच उतरले माझे!”

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, माझ्यामुळं... मी पाठ केलं होतं हो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.” बाईंनी तिला जवळ ओढलं आणि अचानक हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मग सूनही हसली. लिफ्टवाला कमरेला हात लावून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

“एकोण म्हणजे एक उणा,” बाईंनी तिथेच धडा सुरू केला. “चाळीसला एक उणा, तो एकोणचाळीस.”

“पण बाकीचे सगळे आपापल्या घरचं नाव लावतात. हा एकटाच शेजारच्या घरचं का लावतो?”

“कारण त्याचं एक पाऊल पुढच्या घरात पडलेलं असतं,” बाई म्हणाल्या. “राहायचं इथं, नाव तिथलं. सुनेसारखं गं. आणि माझ्यासारखंही.”

बॅग उघडली. कपडे परत कपाटात गेले. लेकाने एक ओलं फडकं आणून माझ्या काचेवरची धूळ पुसली. बाईंनी मला उद्देशून “चुकलं हो माझं,” असं म्हटलेलं मी या दोन कानांनी ऐकलं. मला कान नाहीत, ही गोष्ट सोडून द्या.

मग पुन्हा बोळातल्या फेऱ्या. आता फेऱ्यांबरोबर पाढे आणि आकडे. अठ्ठ्याऐंशी यायला तीन आठवडे लागले. चौऱ्याऐंशीवर मी महिनाभर हललो नाही. बाई वैतागल्या, तेव्हा सून म्हणाली, “आई, आज तुम्ही चौदाही दारं न थांबता गेलात.” सून एकदा दोन किलो वाढली, तेव्हा बाई म्हणाल्या, “पण अठ्ठ्याहत्तर किती छान म्हणालीस! माझ्या वर्गातल्या पोरांना जमत नव्हतं.”

आणि एका रविवारी सून खाली वाकली ती वाकलेलीच राहिली.

“बोल की,” बाई म्हणाल्या.

“आई, मला भीती वाटते तो शब्द म्हणायची.”

“म्हण. मी ऐकतेय.”

सुनेने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत एकदा घोकून पाहिलं. मग म्हणाली, “एकोणऐंशी.”

लेक पटकन पुढे आला आणि खात्री करायला वाकू लागला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. “तू नको बघूस. ती सांगतेय ना, बास.”

मित्रांनो, माझा काटा तेव्हा बरोबर सातावर नऊ दाखवत होता.

गुडघे बदलले. चार महिन्यांनी बाई एकट्या खाली उतरल्या, थांब्यावर उभ्या राहिल्या आणि तिन्ही पायऱ्या चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि तिकीट जपून घरी घेऊन आल्या. ड्रायव्हरच्या पोटात आणि स्टिअरिंगमध्ये आता वीतभर अंतर पडलं आहे, हे त्यांनीच आल्या आल्या सांगितलं. नणंदेने भेट म्हणून काचेचा नवा काटा पाठवला, तो दाराबाहेरच्या भाषेत आकडे बोलून दाखवतो. बाईंनी तो एकदा ऐकला आणि खोक्यात परत ठेवला. “बोलतो चांगला,” म्हणाल्या, “पण ह्याला एकोणऐंशी म्हणता येत नाही.”

म्हणून मी अजून इथेच आहे, न्हाणीघराच्या दाराशी. माझं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, काचेला चरा गेलाय. मला पाण्यात ठेवू नका, माझ्यावर उड्या मारू नका, महिन्यातून एकदा पुसा, एवढंच मागणं. आणि कुणी सांगितलेला एखादा आकडा, एखादा शब्द मनाला लागला, तर बॅग भरण्याआधी सांगणाऱ्याला एकदा जवळ बसवून विचारा, “तुला नक्की काय म्हणायचं होतं गं?” आमच्या घरी ते विचारायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी झाडूशेजारी काढले आहेत, म्हणून सांगतो.