मीटरवाले काका आणि माझा लुकलुकता दिवा

मित्रांनो, मी एक जुना पेसमेकर आहे. पण छातीत बसवतात तो नव्हे. मी बाहेरचा, तात्पुरता, विटेएवढा डबा. पक्कं मशीन बसेपर्यंत मानेतून आत गेलेल्या तारेनं हृदयाला चिमटे काढत राहायचं, हे माझं काम. प्रत्येक चिमट्याला माझा दिवा लुकलुकतो. नवा होतो तेव्हा सगळे मला जपायचे. आता बटणावरचं झाकण तुटलंय, तिथं नुसती चिकटपट्टी आहे.

परवा मीटरवाले काका आले. जन्मभर लोकांचे विजेचे मीटर वाचले, घरात एक दिवा फुकट जळू दिला नाही. जिन्यात चक्कर येऊन पडले. नाडी मंद दिसली म्हणून लगेच मशीन बसवत नाहीत बरं का; डॉक्टरीणबाईंनी आधी हा काकांच्या रोजच्या गोळ्यांचा प्रताप नाही ना, ते तपासलं. नव्हता. मग पक्कं मशीन येईपर्यंत मला काकांना जोडलं.

"हृदयाचा वरचा कप्पा नीट हाका मारतोय," त्या काकूंना म्हणाल्या, "पण खालच्याला ऐकूच जात नाहीत. म्हणून दोन तारांचं मशीन बसवू, एक वर, एक खाली. दोघांचा ताल जुळेल. वरचा कायमचा नुसताच थरथरत असता, तर खालची एकच पुरली असती."

"आमच्या घरासारखंच," काका पुटपुटले. "मी हाका मारतो, ही ऐकत नाही."

"ऐकण्यासारखं काही बोला की."

दुपारी काकांचा डोळा लागेना. "अगं, तो दिवा डोळ्यांवर येतोय. बंद कर."

जन्माची सवय. काकूंनी पट्टी सोलली आणि बटण दाबलं.

मी गप्प. काकांचे डोळे फिरले, पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि मॉनिटर बोंबलला. सिस्टर धावत आल्या, मला चालू केलं. एक चिमटा. दुसरा. काकांनी श्वास घेतला.

"बंद नाही केलास होय अजून?" ते म्हणाले.



दुसऱ्या दिवशी दोन तारांचं मशीन बसलं. "आता हा डबा बंद करून बघायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही हो हात लावणार."

सिस्टरनी बटण दाबलं. माझा दिवा विझला. पडद्यावरची रेघ मात्र चालत राहिली.

मित्रांनो, तेवढं माझं झाकण कुणीतरी बसवून द्या. उद्या या तारेच्या टोकाला दुसरं कुणी असेल, आणि झोप न येणारी माणसं काय थोडी असतात?