वद्य षष्ठीची पेरणी

"काय करून राह्यले हो?" परसातल्या बाजेवर पडल्यापडल्या रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"दोडक्याचं आळं करतो," हिंमतराव मान वर न करता म्हणाले. "बी टाकतो आज."

वडनेर भोलजीत माळवं पुष्कळजण करत, पण हिंमतरावांइतका पंचांगाचा पक्का माणूस दुसरा नव्हता. कांदा, मुळा, जमिनीत वाढणारं सगळं वद्य पक्षात. वेल आणि फळभाज्या शुद्धात. इकडची दुनिया तिकडे झाली तरी यात बदल नाही. महाराष्ट्र झाला त्या साली रुक्मिणीबाईंनी गुपचूप वद्यात दोडके पेरले होते. चार पानं फुटल्यावर या गृहस्थाला तिथी उमगली आणि त्यानं सगळे वेल उपटून टाकले. बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

आज माघ वद्य षष्ठी. काल खामगावच्या डॉक्टरांनी हिंमतरावांना एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आठवडा, फार तर आठ-नऊ दिवस. फाल्गुनाची वाट पाहिली तर बायकोला कोंबही दिसणार नव्हता. आज पेरलं तर निदान दोन पानं तरी. तिला मात्र काही कळू द्यायचं नाही, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

"आज तं वद्य षष्ठी आहे."

"असू दे. तिथीनं काय होते?"

रुक्मिणीबाई हसल्या आणि एकदम थांबल्या. नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हंजे मी अमावास्या काढत नाही."

"काहीबाही नको बोलू! उतार पडते म्हने डॉक्टर."

"चाळीस वर्सांत माह्यासाठी एक बी वद्यात टाकलं नाही तुमी. मले काऊन डॉक्टरचं सांगता?"

हिंमतरावांच्या हातून कुदळ गळाली. दुःखात माणसाची अक्कल चरायला जाते ती अशी. ते बाजेजवळ मातीतच बसले आणि लेकरासारखे रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं.

"एकच टाका," मग त्या म्हणाल्या. "माह्यापुरतं. बाकीच्या शुद्धात लावा. वद्यातल्या वेलाले फळ धरत नाही ना? तुमाले भाजी लागन."

हिंमतरावांनी एक बी मातीत दाबलं. उरलेल्या बिया रुक्मिणीबाईंनी चिंधीत बांधल्या आणि गाठ पक्की बसली की नाही, ते दोनदा ओढून पाहिलं.