साधनाच्या मापाचा दोर

साडेतीनच्या सुमाराला नितेश हवेतच थबकला. परतवाड्याच्या वरच्या कड्यावरून साधना पाहत होती. भावाचा केशरी पॅराग्लायडर मैदानाकडे तोंड करून होता, पण पुढे सरकत नव्हता.

"वारा वाढून राहिला व ताई," रेडिओत त्याचा आवाज आला. "एस.टी.ची वाट पाहत उभा असल्यासारखं वाटते."

"मजाक पुरे. मागं ढकलला गेला तं कड्यामागच्या भोवऱ्यात सापडशील. बार दाब, पण अर्धाच. आन् हातातले ब्रेक ओढू नको."

बार म्हणजे पायाशी लोंबणारी दांडी. ती दाबली की पंखाची पुढची कड खाली झुकते आणि वेग वाढतो. पण पंख तितकाच हळवा होतो, एखाद्या झोताने मिटूही शकतो. म्हणून खवळलेल्या हवेत अर्ध्यावर थांबायचं, आणि पंख ढिला वाटला की आधी पाय मागे घ्यायचे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या साधनाने हे त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

"निंघालो! वेगाचा मीटर चौदा दाखवते."

साधनाच्या कपाळावर आठी पडली. या वाऱ्यात अर्ध्या बारवर सहा, फार तर सात यायला हवे होते. वारा पडला म्हणावं, तर कड्यावरचं गवत तसंच आडवं झालेलं होतं. चौदा म्हणजे पूर्ण बार.

"पाय सरळ केले का?"

"नाई व. गुडघे अर्धेच वाकलेत. तुही कसम."

मग तिला आठवलं. दोघांत हार्नेस, म्हणजे बसायची पट्ट्यांची झोळी, एकच. ती त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी. मागच्या रविवारी बार पायाला पुरेना, म्हणून तिने बारच्या दोराला गाठी मारून तो आखूड केला होता. उडून आलेल्याने आपल्या गाठी सोडायच्या आणि पुढच्याने उडण्याआधी हार्नेस अंगणातल्या लिंबाला टांगून, आत बसून दोर पाहायचा, हा नियम तिनेच घातलेला. आज नितेश म्हणाला, "चाल ना ताई, वारा निंघून जाईन," आणि ती दोर न पाहताच निघाली होती. तिच्या मापाच्या दोरावर त्याचा अर्धा पाय म्हणजे पूर्ण बार होता.

तिने बटण दाबलं. चूक सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडातून निघेना.

"हळूहळू पाय मागं घे."

"कावून? चांगलं चाललं ना!"

कारण सांगायला तिने तोंड उघडलं तोवर पंखाची उजवी बाजू कागदासारखी मिटली. आपण अर्ध्यावरच आहोत या भरवशावर नितेशने पाय तसेच ठेवले आणि दोन्ही ब्रेक ओढले. पंख गरगर फिरला. राखीव छत्री उघडली, पण उशिरा. तो सागाच्या फांद्या मोडत खाली गेला.

तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या दवाखान्यात तो नीट बोलू लागला.

"तू सांगत होतीस, म्या आयकलं नाई. माहीच चूक."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. साधनाने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"दोर माह्या मापाचा होता, नितेश. गाठी सोडायच्या राहिल्या. वर असताना माह्या ध्यानात आलं, आन् म्या तुले सांगितलं नाई."

नितेशने मान तिच्याकडे वळवली.

"म्हणजे म्या अर्धाच दाबला होता?"

"अर्धाच."

"मंग म्या दाबला तं बरोबरच होता," तो म्हणाला आणि पाय हलवायचा प्रयत्न करू लागला. कपाळावर घाम आला. चादर हलली नाही.