न बघता केलेली सही

बडोद्याच्या घडियाळी पोळातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, मुलांना मी दर रविवारी एकेका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगतो. त्या दिवशी एकटी सानवी आली होती, आणि शब्द होता ‘अटेस्ट’.

“यात लॅटिनमधला ‘टेस्टिस’ दडलाय. टेस्टिस म्हणजे साक्षीदार. जाणकार म्हणतात, त्याच्या मुळाशी ‘तिसरा उभा असलेला’ असा अर्थ असावा. दोघांचा व्यवहार, आणि शेजारी उभा राहून तो पाहणारा तिसरा. आपला ‘साक्षी’ही तसाच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा.”

इतक्यात केयूर आला. समोरच्या माडीवर राहणाऱ्या वसुंधराबाईंचा हा भाचा.

“केम छो सर! मावशीचं मृत्युपत्र आहे. तिची सही झालीय, एका साक्षीदाराचीही. दुसरे तुम्ही. फक्त सही करा, इथे खाली.”

पहिला साक्षीदार मकरपुऱ्याचा, केयूरच्याच कारखान्यातला. वसुंधराबाई गुडघ्यांमुळे वर्षभर खाली उतरलेल्या नाहीत. मग हा माणूस वर कधी चढला? पोळात परका माणूस शिरला की ओट्यावरच्या चार जणांना तरी दिसतोच.

तरीही मी पेन उघडलं. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होईपर्यंत मी हजारो झेरॉक्सवर ‘खरी नक्कल’ म्हणून सह्या केल्या. मूळ कागद क्वचितच मागितला. मुलं ओळखीची, खोटं कोण बोलणार? सर बघत नाहीत, हे अख्ख्या पोळाला ठाऊक होतं.

“सर,” सानवी म्हणाली, “मावशींनी सही केली तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?”

मी पेन मिटलं. “चल केयूर, वर जाऊ.”

“अरे, तुम्ही कशाला जिने चढता? माझी कंपनीची बस निघेल.”

“रविवारी?”

“ओव्हरटाइम, सर,” तो हसला.

आम्ही तिघं वर गेलो, तेव्हा वसुंधराबाई पापडीच्या शेंगा निवडत होत्या. “या सर! झाला ना कागद पक्का?”

“तुम्ही वाचलात?”

“मला इंग्रजी कुठलं येतंय! केयूर म्हणाला, सरांनी सगळं वाचलंय, म्हणून तर मी केली सही.”

मी केयूरकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

तिथेच बसून मी एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. पहिल्याच पानावर सगळं घर केयूरचं झालं. बाईंचे हात थांबले.

“आणि माझी मोहना? अर्धं तिच्या नावावर म्हणाला होतास ना रे?”

मी पान उलटलं. त्यांची मुलगी तिथेही नव्हती.

“टाइप करणाऱ्याची भूल असेल, मावशी.”

“असेल हो.” त्यांनी कागद मागून घेतला, चार घड्या घालून मांडीखाली ठेवला. “मोहना आली की दुसरा करू, तिच्यासमोर. तू जा, बस चुकेल तुझी.”

जिना उतरताना सानवीनं हळूच विचारलं, “सर, माझ्या जन्मदाखल्याच्या झेरॉक्सवर सही केलीत, तेव्हा मूळ दाखला पाहिला होता?”

“नाही,” मी म्हणालो. “आत्ता घरी जा आणि घेऊन ये.”