आकुर्डीचा फरारी

सन पंचावन्नच्या चंपाषष्ठीला चाकणच्या बाजारातून एक सिनेमाचा तंबू हलला आणि आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर येऊन ठोकला गेला. तीन आणे तिकीट, खाली सतरंजी, मधे कनात. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका भल्या तरुणावर खुनाचा खोटा आळ येतो आणि तो सोळा रिळं पळतो. मधे मधे गाण्यासाठी थांबतो, तेवढा वेळ पोलीसही बिचारे थांबतात. एक म्हातारी त्याला कणगीत लपवते आणि फौजदाराच्या तोंडावर सांगते, की असा कुणी इकडे फिरकलाच नाही. त्या जागी कनातीच्या दोन्ही बाजूंना हुंदके फुटायचे.

तंबू नऊ दिवस होता आणि गावाने तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. मी तिथला शाळामास्तर. सांगायला लाज वाटते, पण चार वेळा मीही गेलो होतो.

तंबू उठला आणि गाव अगदी सुतकी होऊन बसलं. आपल्या गावात एकही फरारी नाही, याची खंत माणसांना वाटू लागली. चोरी नाही, खून नाही, साधा दरोडासुद्धा नाही. पोलीस पाटील नानासाहेब तर मला म्हणाले, "गुर्जी, पंधरा वर्सं पाटीलकी केली, पन कुनाला लपवायचा येक मोका आला न्हाई बगा." पोलीस पाटलाचं काम धरून देण्याचं असतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

अशा गावात तिसऱ्या दिवशी भरदुपारी भिमाजी आला.

तो बीडकडून चालत, कुठे मोटारीत, कुठे मालट्रकवर बसून आलेला. दाढी वाढलेली, एका चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून लंगडत होता, पाठीला बोचकं. वेशीवर पाणी मागितलं, घटाघटा प्यायला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इथं पोलीस पाटील कोन हाये जी?"

त्याला पाटलाकडून चालचलणुकीचा दाखला हवा होता. पिंपरीच्या माळावर काचेच्या बाटल्यांचा नवा कारखाना निघत होता आणि तिथे माणसं घेत होते, एवढी बातमी ऐकून तो निघाला होता. पण वेशीवर बसलेल्या भैरूने मान डोलावली. पोलीस कुठे आहे हे आधी विचारून घेतो, म्हणजे पोहोचलेला गडी आहे, असं त्याने संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला सांगितलं.

छबूबाई नावाच्या एकट्या विधवेने त्याला पडवी दिली. गावाने त्याचे वार लावले. सोमवारी पाटलांकडे, मंगळवारी भैरूकडे, असे. मला या गावात येऊन सहा वर्षं झाली होती आणि मला एकदाही कुणी वार लावला नव्हता. त्याला मात्र पहिल्याच आठवड्यात पुरणपोळी मिळाली.

भिमाजी सरळ माणूस होता. त्याने पहिल्याच पंगतीत सांगून टाकलं, "आवो, म्या काई गुन्हा केला न्हाई. कामासाटी आलोय."

"व्हय," नानासाहेब गहिवरून म्हणाले, "सिनेमातला त्यो बी आगदी आसंच म्हनत हुता."

मी गुन्हेगार नाही, असं जितक्यांदा तो म्हणे, तितकी त्याच्या ताटात भाकरी वाढे. दाखल्याचं नाव काढलं की पाटील डोळे मिचकावून म्हणत, "तुजं नाव सरकारी कागदावर लिवू? येडा का खुळा? आसा कसा धरून दीन तुला?" दाखला काही मिळाला नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. मी त्याचा अर्ज इंग्रजीत लिहून दिला, पत्ता छबूबाईच्या घरचा घातला, आणि कारखान्याने त्याला रोजंदारीवर घेतलं.

कारखान्याने दिलेला निळा शर्ट आणि निळी चड्डी घालून तो पहाटे पिंपरीकडे निघायचा. गाव त्याला वेषांतर म्हणायचं.

माझ्यापाशी त्याने एकदा मन मोकळं केलं. घरी रंभा नावाची बायको, तीन वर्षांची मुलगी. दोन वर्षं पाऊस नाही, बायको दुसऱ्यांच्या घरी जात्यावर बसते. कारखान्यात कायम झाला तर चाळीत एक खोली मिळणार होती आणि दोघींना आणता येणार होतं. खोलीला खिडकी आहे, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

"गुर्जी, तुमी शिकलेले," तो म्हणाला. "तुमी या लोकायला समजावून सांगा की. मला चोरावानी वाटतंय त्यांचं खाऊन."

मी म्हणालो, "चाललंय ते चालू दे. त्यांची हौस होते, तुझं पोट भरतं." हा सल्ला मी दिला. मला वाटलं होतं, मी फार व्यवहारी बोललो.

चैत्रात त्याला कारखान्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. काम समाधानकारक आहे, पोलीस चौकशीत राहण्याचा पत्ता आणि वर्तणूक ठीक निघाली की पहिल्या तारखेपासून कायम. भिमाजीने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, कपाळाला लावलं.

"म्हंजे हवालदार येनार, इचारनार, हा मानूस इथं ऱ्हातो का. बास?"

"बास. कायद्याची रीत आहे, प्रत्येकाचीच होते."

"म्या त्या येळी कामावर असन. तुमी असताल ना?"

"मी आहे ना," मी म्हणालो. हे शब्द अजून माझ्या कानात आहेत.

हवालदार येणार ही बातमी गावात पोहोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता देवळापुढे माणसं जमलेली दिसली. नानासाहेबांनी नवा पटका बांधला होता. पोलीस आपल्या पाहुण्याच्या मागावर आहेत, आता आकुर्डीची लाज खंडोबाच्या हाती, असं ते सांगत होते. आकुर्डीची लाज इतकी वर्षं कुणी विचारली नव्हती, त्यामुळे सगळे फार खुशीत होते.

मी पुढे होऊन सांगायला लागलो. ही साधी चौकशी आहे, नोकरीसाठी आहे, तो इथे राहतो एवढं म्हणायचं आहे. भैरू हसला. "गुर्जी, पोलीस आसंच गोड बोलून येत्यात. सिनेमात त्यो फौजदार नोकरीचंच निमित काडून आला हुता."

"अरे, तो सिनेमा होता!"

"मंग? आमी नऊ डाव बगितलाय. तुमी चारच डाव."

नानासाहेबांनी देवापुढची भंडाऱ्याची वाटी आणली, वर बेलाचं पान ठेवलं आणि एकेकाने ती उचलून शपथ घेतली. पोलिसासमोर भिमाजीचं नाव कुणी घेणार नाही. आमच्या भागात बेल-भंडार उचलला की विषय संपतो; त्यावर भाऊ भावाची वाटणी सोडून देतो. वाटी फिरत फिरत माझ्यापुढे आली.

"गुर्जी सरकारी मानूस," पाटील म्हणाले. "त्यांच्यावर जबरदस्ती न्हाई. पन मग ते आमच्यातले न्हाईत, येवडंच."

सहा वर्षांत मी त्यांच्यातला आहे, अशी शंकासुद्धा कुणाला आली नव्हती. मी वाटी उचलली. मनात म्हटलं, हवालदाराला बाजूला गाठून खरं ते सांगू.

हवालदार गुरुवारी अकराच्या सुमाराला सायकलवरून आला. घामाघूम झालेला, कंटाळलेला माणूस. त्याला असल्या सात गावांत जायचं होतं. त्याने कागद काढला आणि जांभई देत विचारलं, "भिमाजी नावाचा इसम छबूबाईच्या घरी राहतो का? राहतो म्हणा, सही करा, मी जातो."

त्याने उत्तरसुद्धा तयार करून दिलं होतं. पण छबूबाई पुढे आली आणि तिने कमरेचा पदर डोक्यावर घेतला.

"माज्या घरात बाप्या मानूस?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "रंडक्या बाईच्या नावानं काय बी लिवतासा व्हय? आसा कुनी हिकडं फिरकला बी न्हाई!" आणि ती रडू लागली. खरं रडली. तिच्या मागच्या पडवीत भिमाजीची वळकटी दिसत होती.

हवालदार दचकला. त्याने पाटलांकडे पाहिलं. नानासाहेब छाती काढून म्हणाले, "आमच्या गावात ह्या नावाचा मानूस न्हाई, नव्हता आन् व्हनार न्हाई."

"लेखी द्याल?"

"शिक्का मारून दीन." आणि दिलं. चार महिने ज्या शिक्क्यासाठी भिमाजी त्यांच्या मागे होता, तो शिक्का असा उमटला.

एवढ्यावर भागलं असतं. पण भैरूच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, ते त्याला सहन होईना. "तसा येक मानूस," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दाढीवाला, लंगडत, चाकणच्या अंगाला पळत जाताना बगितला म्या."

"पळत?" हवालदाराची जांभई अर्ध्यात राहिली. चौकशीला आल्यापासून पहिल्यांदाच त्याने पेन्सिलीला थुंकी लावली आणि वही उघडली. "कशाला पळत होता?"

"ते पोलिसांनी शोधायचं," भैरू म्हणाला.

मग हवालदार माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. ओळखता का या माणसाला?"

त्याच्या हातातला कागद म्हणजे भिमाजीचा अर्ज, त्यावर माझंच अक्षर होतं. सारं गाव माझ्याकडे बघत होतं. बायका दारांतून, म्हातारे पारावरून. बेल-भंडाराची सबब मला आजही सांगता येईल आणि लोक ती मानतीलही. पण खरं सांगतो, त्या क्षणी शपथ माझ्या मनात नव्हती. या गावात माझं बोलणं कुणी इतकं श्वास रोखून कधी ऐकलं नव्हतं. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला, मान थोडी बाजूला वळवली, आणि म्हणालो,

"हा माणूस? नाही. मी याला कधी पाहिलेलं नाही."

फार छान म्हणालो. म्हाताऱ्यांतल्या एकाने "वा!" म्हटलेलं मी ऐकलं. त्या दुपारी पाटलांच्या घरून मला ताट आलं.

शनिवारी भिमाजीला कारखान्याच्या फाटकावर अडवलं. खोटा पत्ता देऊन नोकरी मिळवली, गाव याला ओळखत नाही, एक जण म्हणतो पळताना पाहिला. नाव कमी केलं, आणि बीडकडे काही गुन्हा आहे का, याची चौकशी सुरू झाली. चौकीवर हजर राहायला सांगितलं होतं. निळे कपडे काढून ठेवावे लागले होते. आला तेव्हा त्याच्या अंगावर पहिल्या दिवशीचा सदरा होता.

गावात तर आनंदीआनंद झाला. "बगा!" नानासाहेब सगळ्यांना सांगत होते. "आमी म्हनत हुतो ना, पोलीस ह्याच्या मागं हाईत? आज शिद्द झालं!"

भिमाजी सरळ शाळेत आला आणि फळ्याखाली बसला.

"गुर्जी," तो म्हणाला, "त्यायचं सोडा. तुमी बी?"

मला खाली बघावं लागलं. मी म्हणालो, "भिमाजी, माझं चुकलं. उद्याच चौकीवर जातो आणि सगळं खरं सांगतो."

"काय सांगताल? परवा खोटं बोललो म्हनून?"

सरकारी नोकराने पोलिसाला खोटा जबाब दिला, हे मला आत्ता कुठे उमगलं होतं. सहा वर्षांची नोकरी, पुढचं निवृत्तिवेतन, सातारला म्हातारी आई. हे सगळं मी मनात मोजत होतो आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण हे त्याने बरोबर वाचलं.

"ऱ्हाऊ द्या जी," तो उठत म्हणाला. "तुमची नोकरी कायम हाये. येकाची तरी असावी."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीने म्हणाला. मी त्याला थांब म्हटलं नाही.

उन्हं कलायच्या आत तो निघाला. चौकीवर न जाता गावी जाणार होता, म्हणजे आता खरोखरच फरारी झाला होता. सारं गाव वेशीवर आलं होतं. प्रत्येक घरातून भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. छबूबाईने त्याची दृष्ट काढली, तिचे डोळे सुजले होते. भैरूने स्वतःच्या पायातल्या नव्या वहाणा काढून त्याला दिल्या. मनापासून दिल्या, यात मला शंका नाही. ही माणसं वाईट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

भिमाजीने सगळ्यांना हात जोडले आणि तो चालू लागला. खांदे पडलेले, बोचकं पाठीला, दिवसभराचं काम करून घरी निघालेला माणूस चालतो तसा.

छबूबाईला राहवेना.

"आरं, आसा चालतूस काय?" ती ओरडली. "पळ की!"

"पळ, गड्या, पळ!" नानासाहेबांनी पटका हलवला. "फौजदार ईल मागनं!"

तो थांबला. वळून त्याने सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे, ज्याच्या त्याच्या घरी जेवल्याचं आठवावं इतका वेळ. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. त्याने बोचकं काखेत घट्ट धरलं, धोतर वर खोचलं आणि चार महिने खाल्लेल्या अन्नाला जागून तो पळाला. वळण येईपर्यंत पळत राहिला.

गावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.