उशाशी मांडलेले स्टूल

हे दयाघना, शिणलेल्या प्रत्येक जिवाला ज्याच्या चरणांशी विसावा मिळतो, त्या तुला आधी नमन. तू कृपा केलीस तर लाकडालाही वाचा फुटते. त्याच आधारावर हे बोलणे.

मी एक साधे लाकडी स्टूल बोलतोय. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीलगतच्या खाटेच्या उशाशी माझी जागा आहे. सुताराने मला ना पाठ दिली, ना हात. चार पाय आणि वीतभर रुंदीची बैठक, एवढाच माझा देह. रुग्णाच्या माणसाने घटकाभर टेकावे, यासाठी माझा जन्म. सेवेसाठीच घडलो, याहून मोठे भाग्य मी मागितले नाही.

माणसे मला नाना तऱ्हांनी वापरतात. कुणी माझ्यावर पिशवी ठेवते, कुणी बसल्या बसल्या घोरू लागते. मात्र रागावलेला माणूस सहसा बसत नाही. या कक्षातल्या सिस्टरला हे नेमके ठाऊक आहे. कुणी अंगावर धावून आले की ती मला पुढे सरकवते, 'आधी बसा, मग बोलू,' म्हणते आणि स्वतः गुडघे टेकून त्याच्यासमोर येते. एकदा एक मामा 'माझी वरपर्यंत ओळख आहे' म्हणून गरजत होते. बसल्यावर थोड्याच वेळात त्यांनी हळूच विचारले, "सिस्टर, चहा कुठे मिळतो हो इथे?"

पण सगळेच बसत नाहीत.

मागच्या थंडीत त्या खाटेवर एक वृद्ध छपाई-कामगार आले. बोटांच्या पेरांत मुरलेली शाई म्हातारपणीही गेली नव्हती. वाचा गेली होती, घोट गिळता येत नव्हता. नळ्या, यंत्रे यांनी आता यातनाच वाढतील, तेव्हा त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असे डॉक्टरांनी मुलीला समजावले होते. मुलगी माझ्यावर बसून वडिलांचे ओठ ओल्या कापसाने टिपत असे. तेवढेच त्यांना सोसत होते.

मग परगावाहून मुलगा आला. दारातूनच त्याचा आवाज चढला. हातात फळांच्या रसाची बाटली होती.

"बाबांना उपाशी ठेवलंय तुम्ही?"

सिस्टरने बाटलीवर अलगद हात ठेवला. "रस घशाऐवजी फुप्फुसात जाईल, दादा. श्वास कोंडेल त्यांचा. तुम्ही कापसानं ओठ ओले करा ना."

"कापसानं पोट भरतं का कुणाचं?" मग तो बहिणीकडे वळला. "तुझ्या भरवशावर सोडलं, आणि ही दशा करून ठेवलीस!"

"दादा, फोनवर चौकशी करणं वेगळं आणि बाबांची कूस बदलणं वेगळं," ती म्हणाली. एवढेच बोलली आणि रडू लागली.

"भांडण बाहेर करू या. त्यांना ऐकू येतंय," सिस्टर म्हणाली. खरेच होते ते. मिटल्या डोळ्यांनी म्हाताऱ्याचा हात चादरीवरून सरकत होता, मुलाच्या आवाजाच्या दिशेने. माझ्या कडेपर्यंत येऊन तो थांबला. सिस्टरने मला पुढे केले. "तुम्हाला शोधताहेत ते. बसा, हात धरा."

"बसायला नाही आलो मी!" असे म्हणून तो मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. वडिलांना दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे, हाच धोसरा. दुसऱ्या दिवशीही तेच. लोकहो, त्याला मी वाईट म्हणणार नाही. उशिरा आल्याचे दुःख त्याला पेलवत नव्हते. ते तो ज्याच्या-त्याच्यावर फेकत होता.

त्या दुपारी मुलीला भोवळ आली. सिस्टरने तिची समजूत घातली, "ताई, घरी जाऊन आंघोळ करा, दोन घास खा. मी आहे इथे." मुलगी गेली, आणि थोड्याच वेळात वडिलांचा श्वास लांबत चालला. सिस्टरने सफाईच्या मावशींना मुलाला बोलवायला धाडले. मुलीला निरोप गेला. आणि मग सिस्टर स्वतः माझ्यावर बसली. शाईने काळवंडलेला तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, मुलं येताहेत." पुढचा श्वास आलाच नाही.

मुलगा धापा टाकत आला. सिस्टर बसलेली दिसताच कडाडला, "माझा बाप मरायला टेकलाय आणि तुम्ही खुशाल बसून आहात?"

ती उठली. "गेले ते, दादा. हात अजून उबदार आहे. बसा."

तो बसला. माझी बैठक करकरली. वडिलांचा हात आपल्या कपाळाला लावून तो म्हणाला, "बाबा, मी आलोय."

आदल्या सकाळपासून तो रुग्णालयातच होता. आपण आलोय, हे मात्र त्याने वडिलांना तेव्हाच सांगितले.

मुलगी परतली ती ओल्या केसांनी. "तुम्हीच पाठवलंत मला," ती सिस्टरला म्हणाली.

"हो ताई. मीच पाठवलं."

सिस्टरने मान खाली घातली. तेव्हा भाऊ माझ्यावरून उठला, त्याने बहिणीला खांद्याला धरून बसवले आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसला. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी ओरडले, "अहो सिस्टर, केव्हाचा हाका मारतोय!" डोळे पुसून ती तिकडे गेली.

आता माझा एक पाय डगमगतो. खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. तरी उशाशी मी उभा आहे. रुग्णाला भेटायला याल तेव्हा भांडणाआधी क्षणभर बसा, एवढीच विनवणी. उशिरा आलात, तरी बसा.

जो ऐकतो आहे त्याचे कल्याण होवो. घराघरांतले रुसवे वेळेत विरोत. शेवटच्या घटकेला प्रत्येकाच्या हाताला आपल्या माणसाचा हात लाभो. आणि तो नसेल तिथे, हे दयाघना, तू कुणाला तरी धाड.