शिडी धरायला

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून कस्तुरीने डाव्या हाताने पानं कवेत घेतली आणि उजव्या हाताने त्यांच्याभोवती सुतळी फिरवली. दुसरा वेढा घ्यायला ती जरा पुढे झुकली, तसा शिडीचा एक पाय ओल्या हिरवळीत रुतला आणि शिडी कलली. सुतळी सोडून तिने खोडाला मिठी मारली. पंख्यासारखी रुंद पानं एकदम मोकळी झाली आणि त्यांच्यावर साठलेलं सकाळच्या पावसाचं पाणी तिच्या मानेवरून थेट पाठीत उतरलं.

खोडावरचा काथ्या गालाला टोचत होता. ती थोडा वेळ तशीच राहिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. खिडकी उघडून आईने डोकं बाहेर काढलं.

"पडशील अगं. नेव्हिलला हाक मारू का?"

"नको. जमेल मला."

"जमेल म्हणे. तुझ्या बाबांनाही सगळं जमायचं. शिडी धरायला तेवढं कुणीतरी लागायचं."

खिडकी बंद झाली. कस्तुरी खाली उतरली आणि शिडीच्या पायाखाली घालायला फळी शोधू लागली.

गवतावर गोणपाटाचा ढीग पडला होता. लेस्टरहून आणलेल्या तांदळाच्या गोण्या उसवून त्या एकमेकींना जोडल्या होत्या. टाके बाबांचे होते, एका मापाचे, एका ओळीतले. डॉक्टर पुरुषोत्तम सोमण नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं सर्जन होते. ऑगस्टमध्ये ते गेले, आणि आता नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. माड बांधायचा शनिवार.

माड हे नाव त्यांनीच दिलं होतं. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी ते झाड नर्सरीतून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं, तेव्हा ते कमरेइतकं होतं. मधुमती, म्हणजे कस्तुरीची आई, गुहागरची. ती झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाली होती, "हा माड? अहो, पानं बघा, ताडाच्या जातीतलं आहे हे. याला ना नारळ यायचा ना सुपारी." बाबांनी ऐकून घेतलं आणि शेवटपर्यंत माडच म्हटलं.

त्या वर्षी नोव्हेंबरात कस्तुरीला मिल्टन कीन्सच्या घरी बाबांचा फोन आला. बाबांचा फोन येणं ही साधी गोष्ट नव्हती. मेडिकल कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून ती कॉम्प्युटरकडे वळली, तेव्हा ते ओरडले नव्हते, भांडलेही नव्हते. फक्त तेव्हापासून तिने घरी फोन केला आणि त्यांनी उचलला, की "हं. बरी आहेस ना? आईला देतो," एवढं बोलून ते रिसीव्हर आईकडे द्यायचे. स्वतःहून फोन कधीच नाही. म्हणून तो आवाज ऐकून तिला आधी वाटलं, आईला काहीतरी झालं.

"थंडी पडायला लागलीय," ते म्हणाले होते. "माड बांधायचा आहे. शनिवारी शिडी धरायला येशील का?"

पहिल्या वर्षी शिडी लागलीच नाही, स्वयंपाकघरातलं स्टूल पुरलं. पण ती गेली. मग एक वर्ष वगळता दर नोव्हेंबरात बांधायला आणि दर मार्चमध्ये सोडायला जात राहिली. झाड वाढलं तशी शिडी आली. बाबा वर, ती खाली. वर उभे असले की बाबा बोलायचे. जेवायच्या टेबलावर जे विचारत नसत ते तिथून, पानांत तोंड घालून विचारायचे. "अनिशची नोकरी कशी चाललीय?" हे जावयाबद्दल. "तुझं ते डोकं दुखायचं, थांबलं का?" एकदा तर "एकटं वाटतं का गं तुला तिकडे?" असंही. ती खालून शिडीला उत्तर द्यायची.

नियम एकच होता. कधीही ये, पण आदल्या दिवशी फोन करून ये.

"माहेरी यायलाही अपॉइंटमेंट?" एकदा तिने चिडून विचारलं होतं.

"सर्जनच्या घरी येतेयस," ते म्हणाले होते.

फळी सापडली. कस्तुरीने ती शिडीखाली सरकवली, पाय देऊन पाहिला. शिडी अजूनही हलत होती. यंदा माड मेला तर तो बाबांच्या पश्चात पहिल्याच हिवाळ्यात आणि आपल्या हातून मरणार, ही गोष्ट सकाळी मोटरवेवर तिच्या मनात आली होती. ती तेव्हापासून गेली नव्हती.

कुंपणापलीकडे दार वाजलं. शेजारचा नेव्हिल रिकामी बादली घेऊन बाहेर आला होता. पंचाहत्तरी उलटलेला, मूळचा जमैकाचा, कौन्सिलच्या बागांमध्ये माळीकामात आयुष्य गेलेलं. नॉटिंगहॅमच्या लोकांसारखा तोही समोरच्या प्रत्येकाला लाडाने 'डक' म्हणायचा, आणि कस्तुरीच्या बाबांना 'डॉक'.

"काय चाललंय, डक?"

"बाबांचं झाड बांधतेय. जरा शिडी धराल?"

तो काहीतरी बोलणार होता. पण बादली खाली ठेवून, बाजूच्या फाटकातून येऊन त्याने मुकाट्याने शिडी धरली.

आता काम जमू लागलं. तिने पानं वर गोळा करून वेढे घेतले, गोणपाट गुंडाळलं. मग गाठ. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. ती सावकाश बांधत होती, कारण तिला दुसरी एक गाठ आठवत होती. तीन-चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये सोडताना ती गाठ सुतळी ओढताच घसरली होती. बाबांच्या गाठी कधी घसरत नसत. "ही कुणी बांधली?" तिने विचारलं, आणि बाबा क्षणभर गडबडले होते. "तुझीच असेल. माझी तर नाही." त्यांना आणखी काही बोलायचं असावं. पण ते गोणपाटाची घडी घालायला लागले. कस्तुरी घरी परतली. पुढचा आठवडाभर ती रोज जेवण झाल्यावर खुर्चीच्या पाठीला बुटाची नाडी बांधत बसली होती. उजवं डाव्यावरून, डावं उजव्यावरून. अनिशने विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही, सहज."

ती खाली उतरली. गोणपाटात उभा असलेला माड कुणीतरी शाल पांघरून पाठमोरं उभं असल्यासारखा दिसत होता.

"छान," नेव्हिल म्हणाला. "मग सोमवारी येऊ का मंगळवारी? मंगळवारी मला डेंटिस्टकडे जायचंय."

"सोमवारी काय?"

"सोडायला."

कस्तुरीने त्याच्याकडे पाहिलं.

"मार्चमध्ये सोडतात," ती म्हणाली.

नेव्हिलने टोपी काढली, पुन्हा घातली. मग वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"मला वाटलं, आता तरी तुला कुणी सांगितलं असेल," तो म्हणाला.

"काय?"

"हे झाड थंडीने मरत नाही, डक. चीनच्या डोंगरातलं आहे, बर्फ झेलतं. मरतं ते ओलाव्याने. पहिल्या वर्षी जानेवारीत मला कुंपणातून वास आला. मी डॉकना म्हटलं, हे उघडा. उघडलं, तर मधलं कोवळं पान कुजायला लागलेलं. या झाडाला एकच शेंडा असतो, तो गेला की सगळं गेलं. नशीब, वाचलं. मी म्हटलं, पुन्हा असं बांधून ठेवू नका."

"पण ते दर वर्षी—"

"दर वर्षी. शनिवारी तू धरायचीस, सोमवारी मी." नेव्हिलला हसू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. "मग हिवाळ्यात तू कधी यायची असलीस, की आदल्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणायचे, 'नेव्हिल, फोन आला.' की निघालो आम्ही दोघं म्हातारे गोण्या घेऊन, झाड पुन्हा बांधायला. एकदा तर बर्फात, टॉर्च लावून. मी म्हटलं, डॉक, मुलीला नुसतं 'ये' म्हणा ना! तर म्हणाले, 'नुसतं कसं म्हणायचं? कामाला बोलावलेलं बरं.'"

कस्तुरीने हातातली उरलेली सुतळी बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

"एक वर्ष तू आली नाहीस."

"ऑफिसचं काम होतं."

"त्या वर्षी बांधलंच नाही आम्ही. वसंतात ही एवढी पिवळी फुलं आली." त्याने हात पसरून दाखवलं. "ते बघायलाच तयार नव्हते."

तो पुढे झाला आणि तिची गाठ त्याने अंगठ्याने दाबून पाहिली.

"पक्की आहे. त्यांच्यासारखीच. माझ्या गाठीला नावं ठेवायचे. म्हणायचे, हिने बुटाची नाडीसुद्धा राहणार नाही. एकदा तुझ्यासमोरच सुटली म्हणे, आणि त्यांनी घाबरून तुझ्यावरच ढकललं. मला सांगताना फार वाईट वाटत होतं त्यांना."

सुतळी बोटांवर घट्ट बसली होती. कस्तुरीने ती हळूहळू सोडवली. बोटावर पांढरा वळ उठला होता, तो लाल होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मग?" नेव्हिलने विचारलं. "गोणपाट ओलं आहे. आत्ताच सोडायचं?"

तिने मान वर करून पाहिलं. गोणपाटाच्या तोंडातून पानांची टोकं बाहेर आली होती.

"सोमवारपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "तेवढ्याने काही होत नाही ना?"

"बारा वर्षांत नाही झालं."

आत आल्यावर आईने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि चहाचं आधण ठेवलं. खिडकीतून माड समोरच दिसत होता. बारा वर्षं रोज याच खिडकीतून दिसत असणार.

"झालं?"

"झालं."

"नेव्हिल बराच वेळ बोलत होता."

"हो. डेंटिस्टकडे जायचंय म्हणाला, मंगळवारी."

आईने आलं किसलं, साखर घातली. कस्तुरी केस पुसत राहिली. ओल्या टॉवेलमधूनच ती म्हणाली,

"मार्चमध्ये सोडायला येते, आई. आणि त्याच्या आधीही येईन मध्ये."

गाळणीखालची चहाची धार थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"ये की," आई म्हणाली. तिने कप भरला, बशीत सांडलेले दोन थेंब बोटाने पुसले. "फक्त आदल्या दिवशी फोन कर."